पिशवीतले दुसरे वजन

आजचे वाचन: अनुवाद 25:13-16; मत्तय 7:1-5



अनुवादाच्या ह्या चार वचनांवरून आपण बहुतेक वेळा भरभर पुढे जातो. दुकानदारांसाठीचा नियम, आपला काय संबंध, असं वाटतं. मोशे लोकांना सांगतो की पिशवीत लहानमोठी अशी दोन प्रकारची वजने बाळगू नका आणि घरात दोन प्रकारची मापेही ठेवू नका. वजन पुरे आणि खरे असावे. मूळ इब्रीत वजनासाठी साधा ‘दगड’ हाच शब्द आहे, कारण त्या काळी वजने दगडाचीच असत. वाचताना दोन गोष्टींकडे लक्ष द्या. पहिली अशी, की मनाई फक्त वापरण्याची नाही, बाळगण्याची आहे. दुसरी अशी, की दोष एका खोट्या वजनाचा सांगितलेला नाही, दोन वजनांचा सांगितला आहे. घेताना एक काढायचं, देताना दुसरं. त्यातलं एक अगदी खरंसुद्धा असू शकेल! लबाडी दगडात नसते, कोणासाठी कोणता दगड काढायचा त्या निवडीत असते.

हे वचन ह्या उन्हाळ्यात मला टेनिसच्या कोर्टावर भेटलं. कसं ते सांगतो.

मी इंग्लंडमध्ये बेडफर्डला राहतो. ग्रेट ऊझ नदीच्या काठचं गाव. आपल्या मराठी ख्रिस्ती वाचकांना गावाचं नाव कदाचित आठवणार नाही, पण जॉन बन्यन नक्की ठाऊक असेल. ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ लिहिणारा बन्यन इथलाच, जवळच्या एल्स्टो गावचा. इथल्याच तुरुंगात त्याने बारा वर्षं काढली. 1678 मध्ये निघालेलं ते पुस्तक हरि केशवजींनी 1841 मध्ये ‘यात्रिकक्रमण’ म्हणून मराठीत आणलं. बन्यनकडे मी पुढे येणारच आहे.

इथे दर दोन वर्षांनी उन्हाळ्यात नदीचा मोठा उत्सव होतो. होड्या, गाणीबजावणी, खाण्याचे ठेले, काठावर पाय ठेवायला जागा नाही. त्याच दिवसांत आमच्या वस्तीतल्या लोकांनी सार्वजनिक बागेतल्या कोर्टांवर दुहेरीची छोटी टेनिस स्पर्धा घेतली. उत्सवाच्या अधिकृत कार्यक्रमाशी तिचा काही संबंध नव्हता. प्रवेश फी थोडीशी, जमलेले पैसे गरजूंना शिधा देणाऱ्या उपक्रमाला, आणि बक्षीस म्हणजे घरी केलेल्या स्ट्रॉबेरी जॅमच्या दोन बरण्या. (पौलाने करिंथकरांना नाशवंत मुकुटाचा दाखला दिला तो उगीच नाही. करिंथजवळच्या इस्थमियन खेळांत, तेही दर दोन वर्षांनीच होत, विजेत्याला पाइनच्या फांद्यांचा किंवा सुकलेल्या सेलरीच्या पाल्याचा मुकुट मिळे. त्यामानाने जॅम बरा, वर्षभर टिकतो.)

अशा स्पर्धेत पंच नसतात. जगभर जिथे पंचाशिवाय टेनिस खेळतात तिथे एकच रीत आहे: जाळीच्या आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, हे ज्याचं त्याने सांगायचं. म्हणजे प्रतिस्पर्ध्याने मारलेला चेंडू बाहेर पडला, तर गुण मला. आणि तो बाहेर पडला हे ठरवणारही मीच. आपल्याच खटल्यात आपणच न्यायाधीश! ह्यावर नियम एवढाच लगाम घालतो, की शंका असेल तर निर्णय समोरच्याच्या बाजूने द्यायचा. चेंडूचा रेषेला नुसता स्पर्श झाला तरी तो आतच. आमच्याकडे आणखी एक ठरलं होतं, की जोडीतल्या दोघांचं एकमत नसेल तर चेंडू आत धरायचा. लाल मातीच्या कोर्टावर चेंडूचा ठसा उमटतो, तो दाखवता येतो. आमची कोर्टं टणक, जुनी, रेषा फिकट झालेल्या. ठसाबिसा काही नाही. जे दिसलं ते दिसलं.

उपांत्य सामन्यात माझे जोडीदार होते सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त शिक्षक. समोर पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा आणि त्याची आई. सामना अटीतटीचा चालला होता. दुसऱ्या सेटमध्ये मुलाने मारलेला एक जोरदार फटका आमच्या मागच्या रेषेजवळ पडला. मला तो बाहेर दिसला, मी तसं ओरडलो. त्याच क्षणी माझे जोडीदार म्हणाले, आत होता. मतभेद, म्हणून गुण त्यांना. पुढे काही वेळाने माझा तसाच एक फटका त्यांच्या रेषेजवळ पडला आणि मुलाने हात वर करून ‘आउट’ म्हटलं. माझ्या जोडीदारांनी जाळीपाशी जाऊन शांतपणे विचारलं, “खात्री आहे ना?” तो म्हणाला, “हो.” विषय संपला. थोड्या वेळाने सेटही गेला आणि सामनाही.

आता मजा बघा. कोर्टाबाहेरच्या बाकावर आमच्याच मंडळीतले चार-पाच जण बसले होते. सामना संपल्यावर चहाच्या वेळी त्यांचा निकाल कानावर आला. माझ्या जोडीदारांनी चेंडू आत म्हटला, ते ‘दिलदार’. मी बाहेर म्हटला, तर ‘वेगात होता, नजर चुकली असेल’. मुलाने बाहेर म्हटला, तो ‘लबाड, आत्तापासूनच असा’. एकच कोर्ट, एकाच जातीचे फटके, तीच फिकट रेषा, आणि तीन माणसांसाठी तीन वजनं! बाकावरची माणसं वाईट होती का? मुळीच नाही. त्यातल्या एकीने सकाळपासून उन्हात उभं राहून सगळ्यांना पाणी दिलं होतं. पण आपल्या माणसाची चूक ही डोळ्याची चूक आणि परक्याची चूक ही नियतीची खोट, हा हिशेब कोणीही न शिकवता आपल्याला येतो. मला वाटतं, मत्तयाच्या सातव्या अध्यायात प्रभू ज्या मापाबद्दल बोलतो ते हेच माप. कुसळ आणि मुसळ ही आपल्याकडे म्हणच होऊन बसली आहे, त्यामुळे तिची धार गेली. आपण ती नेहमी दुसऱ्याला ऐकवण्यासाठीच वापरतो, ही त्यातली आणखी एक गंमत.

डोळ्याविषयी एक खरी गोष्ट सांगतो, कारण ती आजच्या विषयाच्या गाभ्याशी आहे. 2008 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डेव्हिड व्हिटनी ह्या संशोधकाने आपल्या सहकाऱ्यांसह विम्बल्डनमधल्या चार हजारांहून अधिक गुणांचं चित्रण तपासलं. पंच चुकले होते ते थोड्याच वेळा, पण त्या चुका दोन्हीकडे सारख्या वाटलेल्या नव्हत्या. बहुतेक सगळ्या एकाच दिशेच्या होत्या: चेंडू आत पडला असताना तो बाहेर दिला गेला होता. कारण असं, की वेगाने जाणारी वस्तू आपल्या मेंदूला ती असते त्याहून थोडी पुढे सरकलेली भासते. बाहेरच्या दिशेने धावणारा चेंडू म्हणूनच जास्त बाहेर पडल्यासारखा दिसतो. हे पंच तर निःपक्षपाती होते, त्यांना कोणाच्या जिंकण्याहरण्याचं सोयरसुतक नव्हतं. तरीही डोळा त्यांना एकाच बाजूला ओढत होता.

आता हेच आपल्या बिनपंचाच्या कोर्टावर आणून पाहा. माझ्या बाजूला पडलेला चेंडू मला बाहेर दिसला की फायदा माझा. म्हणजे डोळ्याची स्वाभाविक चूक ज्या दिशेची, माझा स्वार्थही नेमका त्याच दिशेचा! दोन्ही प्रवाह एकाच अंगाला वाहतात. मग मला बाहेर दिसला तो डोळ्यामुळे की हावेमुळे, हे माझं मला आतून कसं कळणार? नाही कळणार. त्या मुलाचंही त्याला कळलं नसेल. नीतिसूत्रांत दोन ठिकाणी (16:2 आणि 21:2) शलमोन म्हणतो की माणसाला आपले मार्ग नीटच वाटतात, तोलून पाहणारा मात्र परमेश्वर आहे. तोलण्याचीच भाषा, लक्षात घ्या. पूर्वी मला ते वचन दांभिक लोकांबद्दल आहे असं वाटायचं. आता वाटतं, ते सरळ, प्रामाणिक माणसांबद्दलही आहे. कदाचित जास्त त्यांच्याचबद्दल.

आजोबांचं मिरजेला किराणा दुकान होतं. काउंटरवर लोखंडी वजनांची उतरंड असायची, पाच किलोपासून खाली. ती उलटी करून पाहिली तर बुडाशी एक खळगा आणि त्यात शिसं भरलेलं. त्या शिशावर सरकारी शिक्का. ठरावीक मुदतीने वजनमापे खात्याचा माणूस येई, प्रत्येक वजन आपल्याकडच्या प्रमाण वजनाशी ताडून बघे आणि नवा शिक्का मारे. लहानपणी मला वाटे, हे चोर पकडायला येतात. आजोबांनी समजावलं होतं ते वेगळंच होतं. वजन हाताळून हाताळून झिजतं. रोज आपटतं, घासतं, गंजतं. दुकानदार देवमाणूस असला तरी त्याचं वजन वर्षा-दोन वर्षांत हलकं होतं, आणि रोज हातात असल्यामुळे त्याला ते कळत नाही. म्हणून ते दुसऱ्या कोणीतरी तपासावं लागतं. तराजूचंही तसंच. पासंग मुद्दाम बांधावाच लागतो असं नाही, पारड्याला चिकटलेलं थोडं पीठ पुरतं.

माझ्या मते ‘शंका असेल तर समोरच्याच्या बाजूने’ हा नियम उदारपणाचा नाहीच. आपण त्याला मोठेपणा म्हणतो आणि तिथेच चुकतो. तो झीज भरून काढणारा नियम आहे, बुडाशी भरलेल्या शिशासारखा. माझा डोळा माझ्याकडे झुकतो हे मान्य करून केलेली ती दुरुस्ती आहे. माझे जोडीदार दिलदार होते, पण त्या चेंडूच्या बाबतीत त्यांनी दिलदारपणा केला नाही. त्यांनी आपलं वजन पुरं केलं, इतकंच. आणि म्हणूनच, चेंडू स्पष्ट बाहेर दिसलेला असताना दया म्हणून तो आत देणं, हे मला तितकंसं पटत नाही. कोणी म्हणेल, त्यात काय वाईट, दुसऱ्याचा फायदाच झाला. पण तेही दुसरं वजनच आहे. लेवीय 19:15 मध्ये गरिबाचाही पक्ष धरू नका असं सांगितलंय, ते वाचून बरेच जण अडखळतात. देवाला दया हवी आहे, पण तराजूत बोट घालून केलेली दया नको.

टेनिसच्या इतिहासात ह्याची दोन उदाहरणं आहेत. 1982 च्या फ्रेंच ओपनच्या उपांत्य सामन्यात सतरा वर्षांच्या मॅट्स विलांडरला मॅचपॉइंट होता. अर्जेंटिनाच्या होसे लुईस क्लेर्कचा फटका बाहेर दिला गेला, पंचांनी सामना संपल्याचं जाहीर केलं. विलांडरने चेंडू चांगला होता असं सांगून तो गुण पुन्हा खेळायला लावला. पुन्हा खेळला, जिंकला, पुढे स्पर्धाही जिंकला. प्रवचनात सांगायला ही गोष्ट फार सोयीची! दुसरी तितकी सोयीची नाही. 2005 मध्ये रोमला अँडी रॉडिककडे फर्नांडो व्हर्डास्कोविरुद्ध सलग तीन मॅचपॉइंट होते. व्हर्डास्कोची दुसरी सर्व्हिस बाहेर दिली गेली, म्हणजे सामना रॉडिकचाच. रॉडिकने मातीवरचा ठसा दाखवून चेंडू आत होता असं सांगितलं. खेळ पुढे चालू राहिला आणि रॉडिक तो सामना हरला. अनुवादातल्या आजच्या उताऱ्यात खऱ्या वजनाबरोबर दीर्घायुष्याचं वचन आहे, हे मी विसरलेलो नाही. पण ते वचन त्या देशात राहणाऱ्या सगळ्या लोकांना दिलेलं आहे, त्या दिवशीच्या गल्ल्याला नाही. खरं माप घालणारा दुकानदार त्या दिवशी कमीच कमावतो. गावाचा बाजार मात्र त्याच्यासारख्यांमुळेच टिकतो.

इथे एक प्रश्न येतो आणि तो टाळण्यात अर्थ नाही. मग कोणी लबाड नसतोच का? सगळं डोळ्यावर ढकलून द्यायचं? तसं नाही. जगात मुद्दाम दांडी मारणारे आहेत, कोर्टावरही असतात. प्रभूचं बोलणंही न्याय करू नका एवढ्यावर थांबत नाही. पाचवं वचन नीट वाचा. आधी आपल्या डोळ्यातलं काढ, मग भावाच्या डोळ्यातलं काढायला तुला स्पष्ट दिसेल. म्हणजे भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायचंच आहे, ते तिथे राहू द्यायचं नाही. पण ज्याने कधी कोणाच्या डोळ्यातला कचरा काढला असेल त्याला माहीत आहे, ते काम बाकावर बसून होत नाही. जवळ जावं लागतं, त्याने डोळा उघडा ठेवावा लागतो, आपला हात स्थिर लागतो. लांबून ‘लबाड’ म्हणणाऱ्यापुढे कोण डोळा उघडा ठेवील?

माझ्या जोडीदारांनी जवळ जाण्याचा प्रयत्न केला. सामन्यानंतर ते त्या आईला म्हणाले, अंतिम सामन्याला कोणीतरी बाहेरचा माणूस रेषेवर उभा करू या, मुलावर ओझं नको. हेतू चांगला होता. तिला तो आरोप वाटला. ती दुखावली, काही न बोलता रॅकेट उचलून दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. मी ह्यावर बरेच दिवस विचार केला. मला वाटतं, तिचं दुखावणं अगदीच चुकीचं नव्हतं. वजनमापे खात्याचा माणूस गल्लीतल्या एकाच दुकानात शिरला, तर बाकीची गल्ली काय समजेल? तपासणी तपासणी राहते ती सगळ्यांची होते तेव्हा. पहिल्या फेरीपासून प्रत्येक कोर्टावर एक माणूस उभा असता, तर त्यात कोणाचाच अपमान नव्हता. आता विम्बल्डनने 2025 पासून रेषेवरचे पंच काढून सगळीकडे यंत्रं लावली, त्यात एवढं तरी बरं आहे की यंत्र कोणाचा चेहरा बघत नाही. (त्याच वर्षी सेंटर कोर्टवर माणसाच्या चुकीने ते यंत्र काही वेळ बंद राहिलं आणि गोंधळ झाला. तपासणाऱ्यालाही कोणीतरी तपासावं लागतं.) मंडळीच्या कारभारातसुद्धा हे लागू आहे. दानपेटी दोघांनी मिळून मोजायची, हिशेब दरवर्षी वाचून दाखवायचा, मग खजिनदार कोणीही असो. आपल्याकडे अमुक एकावर संशय आला की मगच हिशेब मागतात. तोवर तो हिशेब राहत नाही, खटला होतो.

आता बन्यन. त्याने आपली आत्मकथा 1666 मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात तो सांगतो की एका रविवारी तो एल्स्टोच्या मैदानावर खेळत होता. खेळ म्हणजे जवळजवळ आपला विटीदांडूच. विटीला एक टोला मारून झाला होता, दुसरा मारणार एवढ्यात त्याला स्वर्गातून वाणी ऐकू आल्यासारखं झालं: पाप सोडून स्वर्गात येतोस की पाप धरून नरकात जातोस? तो थबकला. वर पाहिलं. आणि मग त्याने काय ठरवलं? आपल्यासारख्या पाप्याला क्षमेची वेळ कधीच टळून गेली आहे, तेव्हा आता खेळतच राहावं! असं म्हणून तो पुन्हा खेळायला लागला. पुढे कित्येक वर्षं तो ह्या निराशेशी झुंजत होता.

मी बन्यनला फार मानतो, पण ह्या प्रसंगात त्याच्या पिशवीतही दोन वजनं होती असं मला दिसतं. उलटी. इतर पाप्यांना देवाची क्षमा पुरेल, मला पुरणार नाही. आपल्या मंडळीतही अशी माणसं आहेत, विशेषतः आपल्या आया-मावश्या. सुनेचं चुकलं तर ‘होतं गं कधीकधी’, आणि स्वतःची वीस वर्षांपूर्वीची एखादी चूक अजून रोज रात्री काढून तोलत बसायची. त्याला आपण नम्रता म्हणतो. पण मोशेने जड दगडालाही परवानगी दिलेली नाही. उताऱ्यात लहान आणि मोठा, दोन्ही दगडांचा उल्लेख आहे. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर ह्या आज्ञेतही दोघांसाठी एकच माप गृहीत आहे. त्या बाकावर कोणी मुलाला हलक्या मापाने तोललं असेल, तसं त्या रात्री घरी जाऊन मुलानेच स्वतःला जड मापाने तोललं असेल, कोणास ठाऊक. तो अंतिम सामना हरला, एवढंच मला माहीत आहे. जॅमची बरणी भलत्याच कोणाच्या घरी गेली.

आज जमल्यास मत्तयाचा उतारा मोठ्याने वाचा आणि दिवसभरात ज्या एका माणसाबद्दल तुम्ही मनात निकाल दिला असेल त्याचं नाव घेऊन प्रार्थना करा. तोच निकाल स्वतःला लावला तर काय होईल, हे प्रभूला विचारायला हरकत नाही.

उद्याचे वाचन: अनुवाद 25:17-19. अमालेकाविषयीचा हा उतारा खऱ्या वजनांच्या लगेच पुढे येतो आणि तो सोपा नाही. रात्री एकदा वाचून ठेवा.